ऑन्टॅरिओत नोकरीवरून काढताना करारातलं कलम टिकतं का? वॉक्सडेलपासून बर्ट्शपर्यंत

मुदतवाढ

कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांताच्या अपील न्यायालयाने १७ जून २०२० रोजी वॉक्सडेल विरुद्ध स्वेगॉन हा निकाल दिला. तेव्हापासून इथल्या ऑफर लेटरांना स्वस्थता नाही. जानेवारी २०२१ मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने अपिलाची परवानगी नाकारली, म्हणजे तो निकाल कायम झाला.

थोडक्यात प्रकरण असं. करारात काढण्याची दोन कलमं होती. एक 'विनाकारण' काढण्याचं, दुसरं 'कारणासह' काढण्याचं. कंपनीने माणसाला विनाकारण काढलं आणि दोन आठवड्यांचा पगार दिला. ते कलम कायद्याला धरून होतं, त्यावर वाद नव्हता. 'कारणासह'चं कलम बेकायदा होतं, पण ते वापरलंच नव्हतं. तरी न्यायालय म्हणालं, काढण्यासंबंधीचा सगळा मजकूर एकत्र वाचायचा. त्यातला एक तुकडा सडका निघाला तर सगळंच बाद.

मला हा शब्दच्छल वाटतो. जे कलम कोणी वापरलंच नाही, त्याच्या दोषापायी चांगलं कलम का मरावं? आणि पुढचा प्रश्न: आता ऑन्टॅरिओत एखादं कलम टिकण्यासारखं लिहिता येतं का, की प्रत्येक काढलेल्या माणसाने वकील गाठायचाच?

तिरकस

हॉटेलच्या एका पातेल्यात झुरळ निघालं तर तुम्ही शेजारच्या पातेल्यातला रस्सा वाढून घ्याल का?

मुदतवाढ

माझ्या ताटात झुरळ नव्हतं हो.

तिरकस

स्वयंपाकघर एकच.

कलमबहाद्दर

तिरकस यांनी दोन शब्दांत सांगितलं तेच लांबण लावून सांगतो.

पाया १९९२ चा आहे, सुप्रीम कोर्टाचा मॅक्टिंगर निकाल. तिथे दोघा कर्मचाऱ्यांच्या करारात नोटीस कायद्यातल्या किमानपेक्षा कमी लिहिली होती. कंपनीचं म्हणणं असं की कलम बेकायदा असेल तर कायद्यातलं किमान देतो, विषय संपला. कोर्टाने ते मानलं नाही. कलम बाद झालं की ते पहिल्यापासून नव्हतंच असं धरायचं आणि कॉमन लॉ (न्यायालयांच्या निकालांतून घडलेला कायदा) प्रमाणे 'वाजवी नोटीस' द्यायची. दोघांना सात आणि साडेसात महिने मिळाले.

कारण साधं आहे. बेकायदा कलमाची शिक्षा फक्त 'किमान द्या' एवढीच असेल, तर मालकाला कायदेशीर कलम लिहिण्याची गरजच काय? पकडलं गेलं तर किमान देऊ, नाही पकडलं तर तेवढे वाचले. शंभरातले बरेच जण पत्र मुकाट घेऊन घरी जातात, त्यांच्यावर तो करार काम करून गेलेला असतो. वॉक्सडेलमध्ये हाच धागा पुढे नेला आहे. कलम वापरलं की नाही हा मुद्दाच नाही, सही झाली त्या दिवशी ते कायदेशीर होतं का एवढंच पाहायचं. म्हणून नंतर कंपनीने उदार होऊन किमानपेक्षा जास्त दिलं तरी करार सुधारत नाही. आणि 'एखादं कलम बाद झालं तरी बाकीचा करार कायम राहील' अशी ओळ शेवटी टाकली असली तरी तिचा इथे उपयोग नाही.

पाटीपुस्तक

'कारणासह' कलम बेकायदा का, हे कोणी नीट सांगेल का? चोरी केली तर हाकलणारच ना.

कलमबहाद्दर

चोरीबद्दल वाद नाही. वाद मधल्या पट्ट्याचा आहे.

कॉमन लॉ मध्ये 'जस्ट कॉज', म्हणजे योग्य कारण, असेल तर नोटीस नाही, पैसे नाहीत. त्यात वारंवार ताकीद देऊनही न सुधारणारा, कामात सतत चुका करणारा माणूसही बसू शकतो. पण ऑन्टॅरिओच्या रोजगार मानके कायद्याखाली एक नियम आहे, क्रमांक २८८/०१. तो म्हणतो, नोटीस आणि सेव्हरन्स (नोकरी गेल्याची नोटिशीवेगळी भरपाई) बुडवायचं असेल तर माणसाने जाणूनबुजून गैरवर्तन, आज्ञाभंग किंवा कर्तव्यात हयगय केलेली हवी, ती क्षुल्लक नसावी आणि मालकाने ती खपवून घेतलेली नसावी. म्हणजे हेतू लागतो. गबाळा आहे, जमत नाही, टार्गेट गाठत नाही, एवढ्याने भागत नाही. अशा माणसाला 'जस्ट कॉज'ने काढता येईल कदाचित, पण किमान आठवड्यांचे पैसे द्यावेच लागतील.

आता करारात एकच वाक्य असतं: 'योग्य कारण असल्यास कंपनी कोणतीही नोटीस वा मोबदला न देता काढू शकेल.' त्या गबाळ्या माणसाचे किमान पैसे या वाक्याने बुडवले. रोजगार मानके कायद्याच्या कलम ५ प्रमाणे त्यातलं किमान सोडून देण्याचा करारच करता येत नाही. संपलं.

वऱ्हाडी ठेचा

हे तं लयच बारीक कातरलं राजेहो. पण मले एक सांगा, कलम मेल्यावर भेटते किती? 'वर्षाला एक महिना' असं आयकून हाओ.

हिशेबनीस

आकड्यांशिवाय या धाग्याला चव नाही, म्हणून एक नमुना.

वय ४६, प्रोजेक्ट मॅनेजर, नोकरी ७ वर्षं ४ महिने, पगार वर्षाला १,०४,००० डॉलर, म्हणजे आठवड्याला २,०००.

कायद्यातली नोटीस: पूर्ण वर्षांइतके आठवडे, जास्तीत जास्त ८. इथे ७ आठवडे, १४,००० डॉलर.

सेव्हरन्स वेगळं. पाच वर्षं नोकरी झालेली हवी आणि मालकाचा पगारखर्च वर्षाला २५ लाख डॉलर किंवा जास्त हवा. वर्षाला एक आठवडा, सुटे महिनेही धरायचे, मर्यादा २६ आठवडे. इथे ७.३३ आठवडे, सुमारे १४,६६७ डॉलर.

दोन्ही मिळून सुमारे २८,६६७. कलम टिकलं तर एवढंच.

कलम बाद झालं आणि न्यायालयाने समजा आठ महिने वाजवी धरले, तर ६९,३३३ डॉलर. त्यातून आधी दिलेले २८,६६७ वजा. त्या आठ महिन्यांत दुसरी नोकरी लागली तर तिथल्या पगाराचीही वजावट होते, फक्त कायद्यातल्या किमानाला हात लागत नाही.

अनेकांना नोटीस आणि सेव्हरन्स एकच वाटतं, तिथे निम्मे हिशेब चुकतात. मालकाने 'सात आठवडे सेव्हरन्स दिलं' असं पत्रात लिहिलं असेल तर आधी विचारा, हे दोहोंपैकी कुठलं आणि दुसरं कुठे आहे?

कलमबहाद्दर

हिशेब बरोबर, दोन भर घालतो.

वऱ्हाडी ठेचा, 'वर्षाला एक महिना' हा नियम नाही. ऑन्टॅरिओच्या अपील न्यायालयाने १९९९ च्या मिनॉट निकालात तो स्पष्ट नाकारला आहे. मोजपट्टी अजून १९६० च्या बार्डल निकालाचीच: कामाचं स्वरूप, नोकरीची वर्षं, वय आणि तशी दुसरी नोकरी मिळण्याची शक्यता. थोड्या वर्षांच्या नोकरीत आकडा 'वर्षाला एक'च्या बराच वर जातो, लांब नोकरीत खाली येतो. वरचं टोक साधारण २४ महिन्यांचं. त्यापुढे जायला अपवादात्मक परिस्थिती लागते, हे २०१९ च्या डॉ (Dawe) निकालात सांगितलं आहे; तिथे ३० महिन्यांचे २४ केले.

दुसरं, नुसता मूळ पगार धरू नका. बोनस, विमा, पेन्शनमधला मालकाचा वाटा, सगळं नोटिशीच्या काळात मिळालं असतं तर धरायचं. बोनसबद्दल सुप्रीम कोर्टाने २०२० च्या मॅथ्यूज निकालात दोन प्रश्न विचारायला सांगितले आहेत: नोकरी चालू असती तर मिळाला असता का? आणि योजनेतली भाषा तो हक्क निःसंदिग्धपणे काढून घेते का? 'बोनसच्या तारखेला कामावर असणं आवश्यक' एवढं वाक्य पुरत नाही.

बर्फातला बेडूक

हिशेबनीस, २५ लाखांचा आकडा कॅनडातल्या पगारखर्चाचा की जगभरच्या? पुण्यात हजार माणसं आणि मिसिसॉगात बारा अशा कंपन्या कमी नाहीत.

हिशेबनीस

जगभरचा. २०२१ मध्ये हॉक्स विरुद्ध मॅक्स आयकर या प्रकरणात ऑन्टॅरिओच्या डिव्हिजनल कोर्टाने तसं सांगितलं. कामगार मंडळाने फक्त ऑन्टॅरिओतला पगार मोजला होता, ते कोर्टाने अवाजवी ठरवलं. तिथे मुख्य कंपनी जर्मनीतली होती. कॅनडातली शाखा आणि परदेशातली मूळ कंपनी 'संबंधित मालक' ठरत असतील तर हिंजवडीतला पगारही त्या २५ लाखांत येऊ शकतो. 'आम्ही इथे फार छोटे आहोत' हे उत्तर त्यामुळे लगेच मान्य करू नये.

कोकणी फणस

सगळे एकाच बाजूने बोलताहेत म्हणून उलट बाजू मांडतो.

इग्नेसचं घ्या. वायव्य ऑन्टॅरिओतलं लहानसं गाव. त्या नगरपालिकेने युवकांच्या कामासाठी एकीला ठरावीक मुदतीच्या करारावर ठेवलं, मुदत ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत. जानेवारी २०२३ मध्ये काढलं, दोन आठवडे दिले. काढण्याचं कलम बाद ठरलं आणि न्यायालयाने उरलेल्या मुदतीचे १०१ आठवडे द्यायला लावले, दीड लाख डॉलरांच्या वर. गावाच्या तिजोरीतून! तिला दुसरी नोकरी लागली असती तरी एक डॉलर वजा झाला नसता. याला न्याय म्हणायचं असेल तर म्हणा. मोठ्या कंपन्या वकील ठेवतात, कलम दरवर्षी धुऊन घेतात. मरतो तो चार माणसांचं दुकान चालवणारा, ज्याने इंटरनेटवरून नमुना उतरवला.

तिरकस

फणसराव, बाहेरून काटे, आतून मालकवर्ग.

कलमबहाद्दर

फणसरावांचा मुद्दा टिंगल करून उडवण्यासारखा नाही. पण १०१ आठवड्यांचं खापर वॉक्सडेलवर एकट्यावर फोडू नका. ठरावीक मुदतीचा करार हा मालकाने स्वतःहून पायात घेतलेला धोंडा असतो. २०१६ च्या हॉवर्ड विरुद्ध बेन्सन ग्रूप निकालापासून नियम पक्का आहे: मुदतीच्या करारात लवकर काढण्याचं कलम टिकलं नाही तर उरलेली सगळी मुदत द्यायची आणि दुसऱ्या नोकरीची वजावट नाही. तिथे पाच वर्षांच्या करारातले ३७ महिने द्यावे लागले. तीच बाई कायम नोकरीत असती तर तिला काही आठवडे किंवा महिनेच मिळाले असते. 'वर्षभर बघू, मग कायम करू' अशा भावनेने मुदतीचा करार करणाऱ्या लहान मालकाला स्वस्तात सुटल्यासारखं वाटतं. असतं उलट.

इग्नेसमध्ये आणखी एक वाक्य गाजलं. करारात होतं की मालक 'स्वतःच्या मर्जीने, कधीही' काढू शकतो. पहिल्या न्यायाधीशांनी म्हटलं, हे खोटं आहे. बाळंतपणाच्या रजेवरून परत आली म्हणून काढता येत नाही, कायद्याखालचा हक्क मागितला म्हणून सूड म्हणून काढता येत नाही. मग 'कधीही' कसं? डिसेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयाने निकाल कायम ठेवला, पण 'कारणासह'च्या दोषावर, म्हणजे वॉक्सडेलच्याच वाटेने. 'कधीही'वर बोलायचं त्यांनी टाळलं.

पाटीपुस्तक

टाळल्यामुळे घोळ झाला ना. २०२५ च्या सुरुवातीला बेकर विरुद्ध व्हॅन डोल्डर्समध्ये वरिष्ठ न्यायालयाने (हे अपील न्यायालयाच्या खालचं) 'मर्जीने' हा शब्द नसतानाही नुसत्या 'कधीही'वर कलम पाडलं. त्याच वर्षी ली विरुद्ध वेफेअरमध्ये त्याच पातळीच्या दुसऱ्या न्यायाधीशांनी 'कधीही' असूनही कलम टिकवलं. पूर्ण कलम वाचलं तर ते कायद्याच्या चौकटीतच आहे असं म्हणाले. एकाच इमारतीत दोन मजल्यांवर दोन घड्याळं.

मुदतवाढ

मी शब्दच्छल म्हणालो तो हाच. एक क्रियाविशेषण आणि चाळीस हजार डॉलर.

जवसाची चटणी

माझ्या नावाला जागून एक अवांतर. शब्दाचं काय घेऊन बसलात, सस्कॅचवानमध्ये एका अंगठ्याने ८२,२०० डॉलर गेले. धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीने शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो फोनवर पाठवला आणि लिहिलं, कृपया करार पक्का करा. त्याने नुसता वर केलेला अंगठा पाठवला. भाव १७ डॉलर बुशेल ठरला होता. माल द्यायच्या वेळेपर्यंत भाव कितीतरी वर गेला आणि जवस काही आलं नाही. शेतकरी म्हणाला, अंगठा म्हणजे 'मिळालं, बघतो'. २०२३ मध्ये न्यायालय म्हणालं, अंगठा म्हणजे सही.

वऱ्हाडी ठेचा

आमच्या आज्यानं सावकाराच्या कागदावर अंगठाच देल्ला होता. शंभर वर्सानं फिरून तेच.

कलमबहाद्दर

ठेचाभाऊ, न्यायालयाचा तर्क तुमच्या आजोबांच्या सावकाराच्या तर्कापासून फार लांब नाही. सहीचं काम दोन गोष्टी सांगणं: कोण आहे आणि मान्य आहे का. फोन नंबरावरून माणूस ओळखता आला, अंगठ्याने होकार कळला. पण निर्णायक होतं ते आधीचं वागणं. त्याच दोघांत पूर्वीचे करार 'ठीक', 'बरं दिसतंय' असल्या एका शब्दावर पक्के झाले होते आणि माल पोचलाही होता. त्यामुळे 'कॅनडात अंगठा म्हणजे सही' असा सरसकट अर्थ काढू नये. अपील न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये निकाल कायम ठेवला, तोही एकमताने नाही, दोन विरुद्ध एक.

विषयाशी संबंध असा की नोकरी गेल्यावर एचआरच्या 'हे पॅकेज मान्य आहे ना?' या ईमेलला घाईत 'ओके' म्हणू नका.

सावरगावकर

भारतातलं समांतर उदाहरण आहे. १९८६ चं सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट विरुद्ध ब्रजोनाथ गांगुली. सरकारी कंपनीच्या नियमात होतं की तीन महिन्यांची नोटीस किंवा पगार देऊन कायम कर्मचाऱ्यालाही काढता येईल, कारण सांगायची गरज नाही. सुप्रीम कोर्टाने ते कलम रद्द केलं. दोन पक्षांची ताकद इतकी विषम असेल तर असला करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध. निकाल लिहिणारे न्या. मदन मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिले होते. फरक असा की तिथे कर्मचाऱ्याला नोकरी परत मिळते. कॅनडात कॉमन लॉ खाली नोकरी परत नाही, फक्त नोटिशीचे पैसे.

बर्फातला बेडूक

'कॅनडात' म्हणताना थोडं थांबा. बँक, टेलिकॉम, विमान कंपनी, प्रांतांपलीकडे जाणारी ट्रक वाहतूक, हे सगळं केंद्राच्या कॅनडा लेबर कोडखाली येतं. तिथे कलम २४० आहे: बारा महिने सलग नोकरी झालेला, मॅनेजर नसलेला, युनियनमध्ये नसलेला माणूस 'अन्यायाने काढलं' अशी तक्रार करू शकतो आणि नोकरी परत मिळू शकते. २०१६ च्या विल्सन निकालात सुप्रीम कोर्टाने ठरवलं की पैसे देऊन विनाकारण काढलं तरी मालक यातून सुटत नाही. मात्र तक्रारीची मुदत फक्त ९० दिवस! दोन वर्षं आहेत या भरवशावर राहिलेल्या बँकवाल्यांचा हा रस्ता बंद होतो.

आणि उलट फसगतही. बँकेच्या इमारतीत बसून बँकेचंच काम करणारा, पण पगार आयटी कंपनीकडून घेणारा माणूस स्वतःला बँकेचा समजतो. तो सहसा प्रांताच्या कायद्याखालचा असतो. पगाराच्या स्लिपवर नाव कोणाचं ते बघा.

क्वेबेकचं तिसरंच. तिथे नागरी संहितेच्या कलम २०९२ प्रमाणे अपुऱ्या नोटिशीच्या भरपाईचा हक्क कर्मचाऱ्याला सोडूनच देता येत नाही, त्यामुळे वॉक्सडेलसारखी कलमांची चिरफाड करायची वेळ येत नाही. नोकरीला दोन वर्षं झाली असतील तर तिथल्या कामगार मानके कायद्याच्या कलम १२४ खाली तक्रार, मुदत ४५ दिवस. ब्रिटिश कोलंबियात मात्र वारं मालकाच्या बाजूने: २०२४ च्या ईगन विरुद्ध हार्बर एअरमध्ये अपील न्यायालयाने 'कधीही, कॅनडा लेबर कोडप्रमाणे नोटीस देऊन' असलं कलम व्यवहारी नजरेने वाचून टिकवलं. टोरंटोचा निकाल व्हँकूवरला चालवायला जाऊ नका.

पाटीपुस्तक

स्वतःची कंपनी काढून तासाच्या दराने काम करणाऱ्या आयटी कन्सल्टंटांनाही सांगायला हवं. १ जानेवारी २०२३ पासून ऑन्टॅरिओत ठरावीक अटी पाळणारे आयटी आणि बिझनेस कन्सल्टंट रोजगार मानके कायद्याबाहेर आहेत. स्वतःचा नोंदलेला व्यवसाय किंवा कंपनी, तासाला किमान ६० डॉलर लेखी ठरलेले, आणि ते तसे मिळालेले. मग किमान नोटीस नाही. पण कॉमन लॉचं दार पूर्ण बंद नाही. एकाच ग्राहकावर जवळजवळ सगळं उत्पन्न असेल तर 'अवलंबित कंत्राटदार' म्हणून वाजवी नोटीस मागता येते, २००९ चा मॅकी निकाल. २०१९ च्या थर्स्टन निकालात मात्र निम्म्याहून कमी उत्पन्न एका ठिकाणाहून येत असेल तर दावा बसत नाही असं झालं. दोन-तीन ग्राहक सांभाळणारा इथे गळतो.

चहाबाज

मी फक्त वाचतोय. पण ज्याच्या हातात आज पत्र पडलंय त्याने नेमकं काय करायचं, हे एका जागी लिहा की कोणीतरी.

हिशेबनीस

जमेल तेवढं लिहितो.

पत्रासोबत 'रिलीज' नावाचा कागद असतो: एवढे पैसे घेतो, पुढे दावा करणार नाही. त्याला मुदत घालतात, बहुतेक आठवडाभराची. ही मुदत कंपनीने वाढवून दिलेल्या पैशांसाठी असते. कायद्यातलं किमान रिलीजवर सही केली नाही तरी द्यावंच लागतं, आणि ते सात दिवसांत किंवा पुढच्या पगाराच्या दिवशी, जे उशिरा येईल तेव्हा. 'सही करा, मग किमान देतो' असं कोणी लिहिलं असेल तर ते पत्र जपून ठेवा, उपयोगी पडतं.

सगळ्यात वाईट सापळा: रागाच्या भरात कामगार मंत्रालयाच्या वेबसाइटवर तक्रार टाकणं. फुकट आहे, सोपं आहे. पण नोटिशीच्या किंवा सेव्हरन्सच्या पैशांसाठी तक्रार केली की त्याच काढण्याबद्दल कॉमन लॉचा दावा कोर्टात करता येत नाही, रोजगार मानके कायद्याचं कलम ९७. तक्रार मागे घ्यायला फक्त दोन आठवडे. किमान सात आठवड्यांसाठी तक्रार करून वरच्या नमुन्यातले चाळीस हजार गमावता येतात.

कोर्टाची मुदत दोन वर्षं, आणि ती काढल्याचं कळवलं त्या दिवसापासून. काम करत नोटीस काढायची असेल तर शेवटच्या दिवसापासून मोजण्याची चूक होते.

१ ऑक्टोबर २०२५ पासून ऑन्टॅरिओच्या स्मॉल क्लेम्स कोर्टाची मर्यादा ३५,००० वरून ५०,००० डॉलर झाली. लहान नोकरीतले बरेच दावे आता तिथे बसतात. तिथे हरलात तर समोरच्याचा वकिलीखर्च सहसा दाव्याच्या १५ टक्क्यांवर जात नाही.

नोकऱ्या शोधल्याची नोंद ठेवा: तारीख, कंपनी, पद, उत्तर. समोरचा वकील पहिला हल्ला तिथेच करतो.

कर: नोटिशीऐवजी मिळालेला पगार हा पगारच. सेव्हरन्स 'रिटायरिंग अलाउन्स' म्हणून येतं. क्वेबेकबाहेर ५,००० पर्यंत १० टक्के, १५,००० पर्यंत २०, त्यावर ३० टक्के कापतात. ही फक्त कापणी, अंतिम कर नाही. बेकारी विमा घेतला असेल आणि नंतर तडजोडीचे पैसे आले तर त्या काळाचा विमा परत करावा लागतो. तडजोडीच्या आकड्यावर खूश होण्याआधी हे वजा करा.

सावरगावकर

यात भर: वर्क परमिटवर असलेल्यालाही हे सगळं लागू आहे. किमान हक्क नागरिकत्व बघत नाहीत.

मुदतवाढ

माहिती मिळाली, आभार. पण मूळ प्रश्न अजून लोंबकळतोय. टिकणारं कलम लिहिता येतं की नाही?

कलमबहाद्दर

येतं. मे २०२५ मध्ये त्याच अपील न्यायालयाने बर्ट्श विरुद्ध डेटास्टेल्थमध्ये कलम टिकवलं. तीन लाख डॉलर पगाराचा उपाध्यक्ष, वर्षभरही नोकरी नाही, चार आठवडे देऊन काढला. त्याचा दावा पुरावे, साक्षी यांच्यापर्यंत गेलाच नाही, कलमाच्या अर्थावरच सुरुवातीला निकाली निघाला.

त्या कलमाची रचना बघण्यासारखी आहे. एक, 'कारणासह' आणि 'विनाकारण' यांच्यासाठी दोन वेगळी वाक्यं नाहीत, एकच आहे. म्हणजे शेजारचं पातेलंच नाही. दोन, 'योग्य कारण' हा कॉमन लॉचा शब्द वापरून काहीही बुडवलेलं नाही. कारण असो नसो, कायदा आणि त्याखालचे नियम यांप्रमाणे जे किमान देय असेल, असल्यास, ते आणि तेवढंच मिळेल. 'नियम' हा शब्द महत्त्वाचा, कारण हेतुपुरस्सर गैरवर्तनाची अट २८८/०१ मध्ये आहे. 'असल्यास' हाही महत्त्वाचा: चोराला शून्य, गबाळ्याला किमान, हे ठरवायचं काम कायद्यावर सोडलं. तीन, कॉमन लॉची वाजवी नोटीस मिळणार नाही हे साध्या भाषेत लिहिलं.

तुमच्या शब्दच्छलाच्या आक्षेपाला हेच उत्तर आहे. चार ओळींत कायदेशीर कलम लिहिता येतं. अडतं ते मालकाला चार ओळी पुरत नाहीत तिथे. दोन पानभर 'कारणांची' यादी हवी असते: उशिरा येणं, सूचना न पाळणं, कंपनीची प्रतिमा मलिन करणं. यादीतली प्रत्येक बाब वॉक्सडेलला आमंत्रण असते.

कोकणी फणस

हे पटलं. पण जुने हजारो करार पडलेत त्यांचं काय? आज नवा नमुना पाठवून सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या?

कलमबहाद्दर

नुसत्या सह्या घेऊन चालत नाही. चालू नोकरीत नवा करार टिकायला नवा मोबदला द्यावा लागतो, २००४ चा हॉब्स निकाल. 'सही करा, नाहीतर नोकरी नाही' हा मोबदला नव्हे. पगारवाढ, बोनस, बढती यांपैकी काहीतरी कराराशी जोडून द्यावं लागतं, आणि जी वाढ तशीही मिळणारच होती ती चालत नाही. हेच नव्या माणसाबद्दलही: ईमेलवर पगार आणि तारीख ठरली, त्याने हो म्हटलं, आणि पहिल्या दिवशी टेबलावर बारा पानी करार आला, तर त्या बारा पानांतलं काढण्याचं कलम डळमळीत असतं.

मुदतवाढ

शब्दच्छल हा शब्द अर्धा मागे घेतो. 'कधीही'वरचा अर्धा ठेवतो, तिथे अपील न्यायालय सरळ बोलेपर्यंत. एक शेवटचं: नव्या ऑफर लेटरात 'योग्य कारण असल्यास कोणताही मोबदला न देता' असं वाक्य दिसलं, तर सही करण्याआधी एचआरकडून दुरुस्त करून घ्यावं का?

पाटीपुस्तक

घटकाभर विचार करा. दुरुस्ती कोणाच्या फायद्याची?

वऱ्हाडी ठेचा

ते वाक्य तसंच राहू द्या ना बाप्पा!

कलमबहाद्दर

ठेचाभाऊ बरोबर. आणि 'मी शिकलेला आहे, वकील लावून करार वाचून घेतला होता, मग कोर्ट मलाच दोष देईल' ही भीती नको. २०२२ च्या रहमान विरुद्ध कॅनन डिझाइनमध्ये अगदी तेच झालं होतं, सल्ला घेऊन, घासाघीस करून सही केलेली. अपील न्यायालय म्हणालं, बेकायदा कलम सुशिक्षितासाठीही बेकायदाच. वाचा, प्रत ठेवा, आणि मूळ ऑफरचा ईमेल तारखेसकट घरच्या पत्त्यावर पाठवून ठेवा. कंपनीचा मेलबॉक्स काढल्याच्या दिवशी पहिल्यांदा बंद होतो.